कोरड्या होडीचे दहा दिवस

शारदाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फक्त त्यांचे पाय दिसले. टेंपोतून उतरवून दोन ओंडक्यांवर ठेवलेल्या एका होडीखाली त्या उताण्या पडल्या होत्या आणि वरच्या लाकडावरून बोटं फिरवत होत्या.

“कोन हाय?” खालून आवाज आला.

“रजिस्टर लिहायला नवीन आलेय.”

“मग लिव्हा. डाव्या अंगाला गोगलगाय, येक. मेलेली. मेलेली लिव्हा बरं का, न्हाईतर कोन तरी जित्ती म्हनंल, अन् पुन्यास्नं सायेब येईल बघाया.”

मी लिहिलं. मग त्या सरपटत बाहेर आल्या. पंचेचाळिशीच्या, सडपातळ. साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा जुना सदरा, केसांत गवताची काडी. त्यांनी हात सदऱ्याला पुसले, होडीच्या कडीला हिरवी चिंधी बांधली आणि मालकाला म्हणाल्या, “जावा. उतरवा.”

मुळशी धरणाच्या आमच्या बाजूला बाहेरून येणारी कुठलीही होडी तपासल्याशिवाय पाण्यात जात नाही. काठावरच्या गावांची समिती आणि एक संशोधन संस्था मिळून हे काम चालवतात. पावसाळा सरला की सुरू होतं, जून लागला की संपतं. पुण्याजवळच्या नद्यांवर आणि खालच्या अंगाच्या धरणांवर केंदाळ माजलेलं आहे. संस्थेच्या कागदांत त्याला जलपर्णी म्हणतात. फुगीर देठाची, जांभळ्या फुलांची ती वनस्पती पाण्यावर तरंगते आणि बघता बघता अख्खं पाणी झाकून टाकते. तिला यायला होडी पुरते. फळीच्या सांध्यात अडकलेला एक तुकडाही पुरतो. म्हणून प्रत्येक होडी पाहायची. स्वच्छ असेल तर हिरवी चिंधी. काही सापडलं तर लाल, आणि लाल लागली की होडी दहा दिवस काठावर उन्हात उपडी.

शनिवार-रविवारी शहरातून गाड्या येत. टपावर रंगीत प्लास्टिकच्या होड्या बांधलेल्या. महाळुंग्याचा शैलेश नावाचा एक आयटीतला मुलगा मला चांगला आठवतो.

“काकू, ही ब्रँड न्यू आहे,” तो म्हणाला.

“मागल्या ऐतवारी कुटं व्हती?”

“घरी. बाल्कनीत.”

शारदाबाईंनी बसायच्या पट्ट्याखाली बोट घातलं आणि बाहेर काढून त्याला दाखवलं. “बाल्कनीत चिखुल व्हता का?”

त्याचे मित्र हसले. त्यानं पवनेचं नाव कबूल केलं. तोवर त्यांनी पट्ट्याच्या शिवणीतून काळ्या केसांसारखं काहीतरी ओढून काढलं होतं. केंदाळाचं मूळ.

“एवढंसं?” शैलेश म्हणाला.

“तुमी बी कवातरी येवडंसंच व्हता की.”

लाल चिंधी बांधून घेताना तोही हसला. शारदाबाईंचं काम असं होतं. त्या ओरडत नसत, रागावत नसत आणि सोडतही नसत. तपासताना डोळे मिटून घेत. लाकडी होडी असली तर त्यांची बोटं सरळ जिथं पाणी दडून बसतं तिथंच जात, कारण त्यांचं लग्न होडीवाल्याच्या घरात झालं होतं. फळ्यांच्या सांध्यांत सुतळी ठोकून वरून डांबर भरताना वीस वर्षं डांबराचा डबा त्यांनीच धरला होता.

तो होडीवाला, म्हणजे त्यांचे यजमान जयसिंग, आता उजनीला असतात. मुळशीच्या पाण्यावर त्यांची तर, म्हणजे माणसं ने-आण करणारी होडी, चालायची. पलीकडच्या वाड्यांतली माणसं, दुधाच्या किटल्या, शाळेची पोरं, बाळंतिणी, सगळं त्यांच्या होडीतून यायचं-जायचं. मग पलीकडे रस्ता झाला, जीप सुरू झाल्या आणि होडीत बसायला कोणी उरलं नाही. आठ वर्षांपूर्वी त्यांनी होडी टेंपोत घातली आणि भिगवणच्या बाजूला गेले. तिथं हिवाळ्यात पक्षी पाहायला माणसं येतात. बाकीचे दिवस मासेमारी. एका हंगामापुरतं, असं ठरलं होतं. इथं सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, भाताचं खाचर, म्हैस. शारदाबाईंना हलता येत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. मुलगी रूपाली जवळच्या माले गावात दिली होती. मग अडवणारं काही उरलं नव्हतं. पण त्यांनी ‘चल’ म्हटलं नाही आणि यांनी ‘या’ म्हटलं नाही. का, ते विचारायची माझी छाती झाली नाही. बहुधा दोघंही दुसऱ्यानं म्हणायची वाट पाहत राहिले आणि वाट पाहायची सवय होऊन गेली.

फोन यायचा दुपारी. शारदाबाईंचे हात ओले असत, म्हणून तो दगडावर ठेवून त्या स्पीकर लावत. सगळं मला ऐकू येई आणि त्याची त्यांना फिकीर नव्हती. लपवण्यासारखं त्यात काही नसायचंच.

“पानी कुटवर हाय?” पलीकडून पहिला प्रश्न.

“उंबराच्या खाली गेलं. तितलं?”

“तितलं लई हाय अजून. म्हस?”

“म्हस बरी हाय. जेवला?”

“जेवलो.”

मग थोडा वेळ दोन्ही बाजूंनी फक्त वारा. त्या दोघांचा संसार मी ऐकला तो असा, दोन धरणांच्या पाण्याच्या पातळीत. संक्रांत झाली की फोन ठेवण्याआधी एक वाक्य वाढायचं.

“पालखीला येनार न्हवं?”

“येनार की. मान हाय.”

जाखमातेचं ठाणं धरणाच्या पलीकडच्या काठावर आहे. धरण झालं तेव्हा गाव अलीकडे आलं, देवी तिकडेच राहिली. चैत्राच्या पुनवेला इथून पालखी होडीत बसून तिच्या भेटीला जाते, आणि ती होडी जयसिंगांच्या घरची असते. त्यांच्या वडिलांनी बांधलेली, तीच. मान होडीचा. म्हणून आठ वर्षं दर चैत्रात ती होडी टेंपोतून दीडशे किलोमीटर येते. होडी येते म्हणून माणूस येतो, चार-पाच दिवस राहतो, घराची कौलं सारखी करतो आणि परत जातो. शारदाबाईंचं वर्ष त्या चार-पाच दिवसांच्या अलीकडे आणि पलीकडे असं विभागलेलं असायचं.

तपासणी सुरू झाल्यापासूनची दोन वर्षं देवीची होडी म्हणून ती न तपासता सोडली होती. यंदा तसं नव्हतं. मागच्या जूनमध्ये एका ओढ्याच्या तोंडाशी केंदाळाचा पुंजका सापडला. चाळीस माणसं अकरा दिवस कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ते उपसत होती. शारदाबाईही होत्या, पायाला जखमा घेऊन. त्यानंतर समितीची सभा झाली, कोणालाही सूट नाही असं ठरलं. बाहेरच्या पाण्यातली होडी दहा दिवस वाळवूनच आणायची. सभेत कोणीतरी विचारलं, “देवीच्या होडीला बी?” तेव्हा “देवीच्या बी” असं म्हणणाऱ्या शारदाबाईच होत्या.

पालखीच्या पंधरा दिवस आधी त्यांनी फोनवर सांगितलं, “होडी भाईर काडा. दहा दीस उनात ठिवा.”

“दहा दीस? सांधं उगडत्याल की गं.”

लाकडी होडीला पाण्याबाहेर राहणं सोसत नाही. पाण्यात लाकूड फुगलेलं असतं, सांधे घट्ट बसतात. उन्हात फळ्या आकसतात आणि फटी पडतात.

“उगडूद्यात. हितं आल्यावर डांबर भरू.”

“येका दिसात भरून देवीला बसवायची? मदीच पानी भरलं मंजी?”

“मी न्हाई सांगत. नेम सांगतोय.”

“नेम तूच केला म्हनं,” जयसिंग म्हणाले आणि हसले. पण होडी काढली. रोज दुपारी त्या विचारत, “उनात हाय न्हवं?” आणि ते म्हणत, “हाय.” ते दहा दिवस ते दुसऱ्याच्या होडीवर जाळी ओढायला जात होते. आपल्या एका शब्दाखातर तो माणूस आपली होडी काठावर ठेवून परक्याच्या होडीत बसतोय, हे शारदाबाई कामाच्या मध्येच कधीतरी सांगायच्या, जणू मला माहीत नाही. त्या दहा दिवसांत त्या जरा जास्त बोलायच्या.

पालखीच्या आदल्या दिवशी त्यांनी भाकरीचं फडकं रोजच्यापेक्षा मोठं आणलं. दुपारी दोनच्या सुमारास टेंपो उताराला लागला. त्या उठल्या नाहीत. एका प्लास्टिकच्या होडीची साखळी घासत बसल्या होत्या, तशाच घासत राहिल्या. टेंपो शेडपाशी थांबला तेव्हा मात्र साखळी हातातून सुटली.

जयसिंग उतरले. उंच, काळेसावळे, कानावरचे केस पांढरे. त्यांनी आधी धरणाकडे पाहिलं.

“पानी लई हटलं गं.”

“चैत हाय.”

“व्हय.”

एवढंच झालं. कुशाबा आणि आणखी दोघांनी होडी ओंडक्यांवर उतरवली. कुशाबा म्हणजे जयसिंगांचा लहानपणापासूनचा सोबती. त्याची होडी याच पाण्यातली, कधी बाहेर न गेलेली. टेंपोवाल्याला परत जायची घाई होती, तो लगेच निघाला. शारदाबाई पदर खोचून उभ्या राहिल्या.

“ही शेवटची कुटल्या पान्यात व्हती?”

“तुला ठाव न्हाई?”

“लिव्हावं लागतंय.”

“उजनी. दहा दीस झालं भाईर काडून. आज अकरावा.”

“लिव्हा,” त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “दहा दीस पुरं.” त्यांच्या आवाजात अभिमान होता. मी लिहिलं, आणि शेवटच्या रकान्यात ‘हिरवी’मधलं पहिलं अक्षरही लिहून टाकलं.

त्या होडीखाली गेल्या. जयसिंग आणि कुशाबा यंदाच्या आंब्यांबद्दल बोलत उभे होते. नेहमी लागतो त्यापेक्षा जास्त वेळ झाला. मग खालून प्रश्न आला, “सांधं कसं न्हाई उगडलं?”

जयसिंग बोलायचे थांबले. “चांगलं लाकूड हाय. बापाच्या हातचं.”

शारदाबाई बाहेर आल्या. तळहात फळीवर ठेवून क्षणभर उभ्या राहिल्या, तापलेल्या म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा. चैत्राच्या उन्हात दहा दिवस राहिलेलं लाकूड कुरकुरायला हवं होतं. ते गार होतं. त्या होडीत चढल्या, मागच्या बसायच्या फळीपाशी ओणव्या झाल्या आणि डोळे मिटले. बोटं फळीखालच्या कोपऱ्यात गेली आणि तिथंच राहिली.

त्यांनी काढलं ते अंगठ्याच्या नखाएवढं होतं. दोन पानं, एक फुगीर देठ, खाली ओली काळी मुळं. हिरवंगार.

मग जयसिंगच म्हणाले, “दहा दीस उनात व्हती. रूपालीची शपथ.”

“मग ह्ये?”

“सांधं उगडलंच व्हतं, फळ्या कुरकुराया लागल्या. रस्त्यानं टेंपोत वारं लागून पार फाटली असती. तवा कालच वल्लं केंदाळ पसरलं वर, दोन पोती. तितं समदीच तसं करत्यात, होडी गार ऱ्हाती, सांधं मिटत्यात. पौडाच्या अलीकडं थांबून समदं काडलं मी. झाडून काडलं.”

“कुटं टाकलं?”

“डांबरी सडकंवर, उनात. येवडं मला बी कळतंय.”

मग ते खाली पाहत म्हणाले, “देवी बसायची. मदी पान्यात गळाया नको, म्हनून केलं.”

शारदाबाई त्या नखाएवढ्या रोपाकडे पाहत होत्या. त्यांनी सांगितलं असतं तर मी डोळे मिटून घेतले असते, हे मी इथं कबूल करते. ते रोप मुठीत चुरगळून उन्हात टाकलं असतं तर कोणाला कळलं असतं? पण फळीखाली आणखी किती असतील हे त्यांनाच ठाऊक नव्हतं, आणि बोट न पोचणारे कोपरे त्या होडीत किती आहेत ते मात्र पक्कं ठाऊक होतं.

एव्हाना पालखीची तयारी सोडून दहा-बारा माणसं जमली होती. कोंडीबा आण्णा आले. पालखीचं सगळं त्यांच्या हाती. ऐंशी वर्षांचे, गावातला शेवटचा शब्द त्यांचा.

“काय झालं?”

कुशाबानं सांगितलं. आण्णांनी रोप पाहिलं. “शारदे, अगं नखाएवडं हाय ह्ये.”

“गेल्या साली आलं ते बी नखाएवडंच आसंल, आण्णा.”

“होडी धुवून घिऊ.”

“धुतल्यानं सांद्यातलं निगत न्हाई.”

“अन् देवी काय म्हनंल?”

“ते देवीला इचारा. होडी उतरायची न्हाई.”

गर्दीतून कुशाबाची बायको कोंडाबाई म्हणाली, “नवरा वरसानं दारात आला, अन् हिनं आदी त्येची झडती घेतली.” माणसं हसली. शारदाबाईही हसल्या असत्या एखाद्या दिवशी. त्या माझ्याकडे वळल्या.

“लाल लिव्हा.”

मी लिहिलेलं अक्षर खोडलं. होडी उपडी करायची होती, ते एकट्याचं काम नव्हतं. कोणी पुढे होईना. शेवटी जयसिंगच म्हणाले, “धरा रं,” आणि पहिला हात त्यांनी लावला. बापानं बांधलेली होडी त्यांनी स्वतः उपडी केली. शारदाबाईंनी कडीला लाल चिंधी बांधली. गाठ एकदा सुटली, पुन्हा बांधली.

आण्णा काठीवर हनुवटी टेकून उभे होते. मग म्हणाले, “कुशाबाची होडी घिऊ. वल्हं जयसिंगा तूच मार.”

“मान होडीचा हाय, आण्णा,” जयसिंग शांतपणे म्हणाले. “माजा न्हाई.”

“बघ बाबा. मागनं बोलू नगंस. देवी येकदा ज्या होडीत बसंल, फुडं तीच होडी. तुज्या बापाकडं मान आला तो बी आसाच आला व्हता.”

“ठाव हाय.”

शारदाबाई माझ्याशेजारी उभ्या होत्या. त्यांचा हात टेबलाच्या कडेवर होता. पुढच्या चैत्रात कुशाबाची होडी, त्याच्या पुढच्याही. उजनीहून कुठली होडी यायचं आता कारण नव्हतं. त्यांनी ते माझ्याआधी समजून घेतलं होतं, बहुधा ते रोप बोटांना लागलं तेव्हाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी निघाली. हलगी वाजत होती, काठ माणसांनी भरला होता. शारदाबाईंना सुट्टी नव्हती. जत्रेला आलेल्या शहरातल्या दोन गाड्यांवर होड्या होत्या. जयसिंग आपल्या उपड्या होडीच्या सावलीत उकिडवे बसले होते. कुशाबाची होडी पाण्यात शिरली, गुलाल पाण्यावर पसरला. अर्ध्या पाण्यात ती जराशी तिरकी झाली.

“डाव्या हाताला वढतोय कुशाबा,” जयसिंग म्हणाले.

“बसायचं व्हतं की तुमी,” शारदाबाई होडी तपासता तपासता म्हणाल्या.

“बसून काय.”

हलगीचा आवाज पाण्यावरून जात राहिला. मग शारदाबाईंनी भाकरीचं फडकं सोडलं आणि दोघं जेवले, शेडच्या मागे, समोरासमोर न बसता, दोघंही पाण्याकडे तोंड करून.

“चटनीत लसून जास्ती झालाय.”

“दरसाली आसाच आसतो.”

“व्हय का.”

चार-पाच दिवस राहायचं होतं, कौलं सारखी करायची होती. पण त्याच दुपारच्या एसटीनं ते निघाले. तिकडे दुसऱ्याची जाळी लावलेली आहेत, असं म्हणाले. शारदाबाई रस्त्यापर्यंत गेल्या; कुठे उतरून कुठली गाडी बदलायची ते लिहून द्यायला मीही गेले होते. एसटी वळणावर दिसली तेव्हा ते म्हणाले, “तुजं बराबर हाय. चुकलो मीच.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं त्या मला नंतर म्हणाल्या. रागावलेल्या माणसाला समजवायला जाता येतं.

“अन् होडी?” त्यांनी विचारलं.

“वाळू दे आता.”

एसटी गेली. आम्ही उतारानं परत येत होतो. त्या एकदम थांबल्या.

“टाकून गेलं का ठिवून गेलं? तुमी शिकल्याली हाय. सांगा.”

मी शेडकडे चालू लागले.

पुढचे दहा दिवस फोन आला नाही. दुपार झाली की त्या हात पुसून फोन दगडावर ठेवत आणि कामाला लागत. होडी उन्हात होती. चौथ्या दिवसापासून फळ्या कुरकुरू लागल्या. सहाव्या दिवशी सांधे उघडले. वाकून होडीखाली पाहिलं की फटींमधून आलेल्या उन्हाच्या सरळ रेघा मातीवर पडलेल्या दिसायच्या, दुपार कलेल तशा सरकणाऱ्या. शारदाबाई दिवसातून दोन-तीनदा वाकून पाहत. एकदा मी म्हटलं, थोडी पोती ओली करून घालू का वर. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

“मी त्येंच्या होडीला लाल लावली,” थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, “आता माज्या हातानं कशी सूट दिऊ?”

अकराव्या दिवशी सकाळी त्यांनी ती तपासली. मी घड्याळ पाहत होते, पाऊण तास. जुना टूथब्रश, बॅटरी, लहान आरसा, आणि शेवटी नेहमीसारखी मिटल्या डोळ्यांनी बोटं. मग लाल चिंधी सोडून हिरवी बांधली. कुशाबा आणि दोघांनी होडी पाण्यात ढकलली. ती लगेच भरली आणि काठोकाठ बुडून बसली. तशी बसायलाच हवी असते. लाकूड पाणी पिऊन फुगेपर्यंत तिला बुडू द्यायचं. कुशाबा जाताना म्हणाला, “वहिनी, मान मी मागितला न्हवता.”

“ठाव हाय, भावजी.”

पाचव्या दिवशी त्यांनी एकटीनं डब्यानं पाणी उपसलं. दोन तास लागले. मला त्यांनी हात लावू दिला नाही. होडी वर आली, हलली, दोरीला ओढ बसली. त्या आत बसून राहिल्या, सांध्यांकडे पाहत. पाणी येत नव्हतं. अर्धा तास झाला तरी तळ कोरडा होता.

मग त्या काठावर आल्या आणि स्वतःहून फोन लावला. मी त्यांना नंबर दाबताना पहिल्यांदाच पाहत होते. फोन दगडावर ठेवला. बराच वेळ वाजला.

“बोल.”

“होडी उतरवली. हिरवी लागली.”

“पानी घेती का?”

त्या होडीकडे पाहत राहिल्या. ‘घेती’ म्हटलं असतं तर जयसिंगांना यावंच लागलं असतं. त्या होडीचे सांधे दुसऱ्या कोणी भरलेले त्यांना चालले नसते. ते मलाही कळत होतं.

“न्हाई,” त्या म्हणाल्या. “कोरडी हाय.”

“मंग बरं झालं.” तिकडे कोणीतरी हाक मारत होतं. “आसं कर. कुशाबाला सांग, वापर म्हनावं. पडून ऱ्हायली तर सडंल.”

शारदाबाईंनी ओला हात सदऱ्यावर पुसला. मग दुसरा पुसला.

“कुशाबाला न्हाई सांगत,” त्या म्हणाल्या. “तुमी या.”

फोनमध्ये नुसता वारा आला. मी रजिस्टरात पाहत बसले.

“पालखी तर झाली,” जयसिंग म्हणाले.

“पालखीला न्हाई म्हनत. तशेच या.”

फोन बंद झाला की काय म्हणून त्यांनी वाकून पाहिलं. चालू होता.

“कवा येऊ?”

आठ वर्षं तारीख पंचांगातून येत होती. त्यांना कधी ठरवावी लागली नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं.

“तुमाला जमंल तवा,” त्या म्हणाल्या. आणि मग लगेच, घाईनं, “न्हाई. ऐतवारी या. ह्या ऐतवारी.”

“बघतो,” जयसिंग म्हणाले, आणि फोन ठेवला गेला.

त्या दिवशी मंगळवार होता.